विहिरीला धक्का नको

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. राखेच्या टेकाडाचे फिटायला त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागली, पण फिटले. उन्हाळ्याच्या तोंडाला दोन गाड्या आल्या, चार माणसं टेकाडावर चढली, जागोजाग नळ्या ठोकून आतली भुकटी काढून घेऊन गेली, आणि थोड्याच दिवसांत वस्तीभर झालं की टेकाडात माल आहे.

टेकाड म्हणजे खाणीची घाण. खाण चालू होती तेव्हा दगड फुटायचा, दळला जायचा, त्यातलं तांबं निघायचं, लोखंड निघायचं आणि उरलेली करडी भुकटी पाण्याबरोबर वाहत येऊन इथं साचायची. ती कधी जळली नव्हती, तरी लोक तिला राखच म्हणायचे. खाण बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, राख राहिली. वारा सुटला की ती घरात यायची, चहात यायची, पोरांच्या दाताखाली करकरायची. आता तिच्यात कसलीशी दुर्मिळ खनिजं निघाली होती. मोबाईलला लागतात, विजेच्या गाडीला लागतात, पवनचक्कीला लागतात. तांबं-लोखंड काढणाऱ्यांनी तेव्हा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आबांना ह्या कशाशी देणंघेणं नव्हतं. आबांचं शेत त्या टेकाडाखाली होतं.

खाणीच्या कुंपणालगतचा काळ्या मातीचा एक तुकडा आणि त्याच्या मधोमध विहीर, एवढंच ते शेत. खाणीनं राख टाकायला जागा मागितली तेव्हा आबा खाणीतच होते, दगड दळणाऱ्या गिरणीवर. नोकरी टिकवायची तर जागा द्या, असं कुणी तोंडानं म्हटलं नाही, आणि म्हणायची गरजही नव्हती. जमीन तुमचीच, राख तेवढी आमची, दुसरीकडे सोय झाली की उचलून नेऊ, असं ठरलं. राखेचं पाणी सोडायच्या आदल्या दिवशी आबांनी विहिरीवर दगडी फरशा टाकल्या आणि सांधे चुन्यानं भरून घेतले. ती विहीर त्यांनी धाकट्या भावाला हाताशी घेऊन स्वतः बांधली होती. खाली मुरुमापर्यंत खणून, तिथून एकेक घडीव दगड रचत वर आणली होती. भाऊ पुढे वारला. विहीर झाकली ती उघडायची आहे ह्या हिशेबानंच झाकली होती.

पण 'दुसरीकडे सोय' काही झाली नाही. टेकाड वाढत गेलं. आबांची बायको गेली, मुलगा मोठा झाला, सून आली. आबांचे पाय गेले आणि छाती गिरणीतल्या धुळीनं भरली. आता ते दारातल्या खाटेवर टेकाडाकडे तोंड करून बसायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हातानं दाखवायचे, की विहीर बरोब्बर त्या घळीच्या खाली आहे. लोक हो म्हणायचे. म्हाताऱ्याला नाही कशाला म्हणायचं?

एक दिवस नव्या कंपनीचे साहेब स्वतः घरी आले. बरोबर मुकादम होता. मुकादम वस्तीतलाच, पूर्वी खाणीच्या कचेरीत चहा वाटायचा. सुनेनं घरातली एकुलती एक खुर्ची पुसून बाहेर ठेवली.

"आबा," साहेब म्हणाले, "राख आमची, जमीन तुमची. जिथवर माल आहे तिथवर आम्ही उचलणार. माल संपला की जमीन तुमच्या ताब्यात. बरोबर?"

"बरोबर."

"तुमच्या मुलाला पोकलेनवर घेतो. सूनबाईंनाही काम देऊ. आणखी काही अट असेल तर आत्ताच सांगा. मागाहून कुरकुर नको."

आबांनी श्वास गोळा केला. हे वाक्य ते किती वर्षं तोंडात धरून बसले होते कोण जाणे.

"विहिरीला धक्का लागता कामा नये."

"एवढंच?"

"एवढंच."

साहेबांना हायसं वाटलेलं दिसलं. ते मुकादमाकडे वळले. "ऐकलंत? विहिरीला हात लावायचा नाही. एक दगड हलता कामा नये. माझा शब्द आहे."

"जी," मुकादम म्हणाला.

साहेबांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि ते गेले. सुनेनं कप उचलला तर चहावर राखेची साय आली होती. आबा मात्र त्या दिवशी जेवताना दोनदा हसले. विहीर मिळाली की शेत आलंच, असं त्यांनी धरलं होतं. घरात सगळ्यांनीच तसं धरलं होतं.

काम सुरू झालं. आबांचा मुलगा पोकलेनवर बसला. तोही पूर्वी खाणीत ड्रायव्हर होता, आणि तेव्हापासून त्याला सगळे 'थंडा' म्हणत. ह्याच्या डोक्यावर अंडं फोडलं तर पिल्लू निघेल पण आम्लेट व्हायचं नाही, असं बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे. तो तेही ऐकून घ्यायचा. सकाळी बसला की जेवणाच्या भोंग्यापर्यंत त्याचे फक्त दोन हात हलायचे. दांडा पुढे, दांडा मागे, बादली राखेत रुतायची, वर यायची, वळायची, डंपरमध्ये रिकामी व्हायची. केबिनची काच फुटलेली होती. संध्याकाळी तो खाली उतरायचा तेव्हा भुवया, पापण्या, कानातले केस सगळं करडं झालेलं असायचं, आणि घरी आल्यावरही थोडा वेळ त्याचे हात मांडीवर ठेवल्या ठेवल्या थरथरत राहायचे.

सुनेकडे पिशव्यांचं काम होतं. पोकलेन एक थर उतरवायचं, की त्या थरातली फावडाभर राख पिशवीत भरायची, दोरी आवळायची आणि तपासणीच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन द्यायची. प्रत्येक थराची एक पिशवी, असा नियम होता. खोलीत चष्मेवाली बाई बसायची. शिकलेली, वयानं सुनेपेक्षा लहान, कंपनीनं बाहेरून आणलेली. तिच्याकडे पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. ते पिशवीला टेकवून घोडा दाबला की थोड्या वेळानं पडद्यावर आकडे उमटायचे, आणि काही सापडलं तर आवाज यायचा. माल असेल तर पिस्तूल बोलतं, असं सगळे म्हणत.

धूळ उडू नये म्हणून नळीनं पाणी मारायला एक बाई होती. तिला सगळे नळीवाली काकूच म्हणायचे. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"इतकी वर्षं हीच राख खाल्ली आपण," ती म्हणायची. "मला लाव गं ते पिस्तूल. बघ बोलतंय का. बोललं तर माझ्या सुनेला सांगते, म्हातारीला नीट सांभाळ, आत माल आहे."

चष्मेवाली हसायची. एकदा काकू सुनेला म्हणाली, "तुझ्या सासऱ्याच्या छातीला मात्र लावू देऊ नकोस. खाटेसकट उचलून नेतील." सूनही हसली. मग हसताना तोंडात गेलेली धूळ थुंकून तिनं पुढची पिशवी भरायला घेतली.

ऊन असं होतं की फावड्याचा दांडा धरवत नव्हता. तोंडाला बांधलेलं ओलं फडकं पिशवी पोचवून येईपर्यंत वाळून कडक व्हायचं. दुपारी सावलीत डबे उघडले की आधी झाकणावरची राख फुंकायची, मग झाकण काढायचं. कुणी फारसं बोलायचं नाही. बोलायला तोंड उघडावं लागायचं.

संध्याकाळी आबा वाट बघत असायचे.

"किती उतरलं?"

थंडा हातानं दाखवायचा. आबा टेकाडाकडे बघायचे, मग मुलाच्या हाताकडे, आणि हिशेब जुळल्यासारखी मान हलवायचे. मग त्यांची कसरत सुरू व्हायची. विहीर उघडल्यावर वाकून आत बघायचं होतं, आणि पाठ तर लाकूड झाली होती. म्हणून ते खाटेच्या काठावर सरकायचे, गुडघे धरायचे आणि पुढे झुकायचे. सून मागून त्यांचा सदरा मुठीत धरून उभी राहायची. आबा जमिनीकडे बघत थोडा वेळ टिकायचे, मग खोकला यायचा आणि ती त्यांना ओढून घ्यायची.

"आज जास्त वाकलो ना?"

"कालच्यापेक्षा जास्त."

"तळ दिसेल?"

"तळ नाही, पण पाणी दिसेल."

"पाणी दिसलं तरी पुष्कळ," आबा म्हणायचे आणि आडवे व्हायचे.

टेकाड खचत गेलं. खाटेवरून जिथं करडी भिंत दिसायची तिथं आधी आभाळाची पट्टी दिसायला लागली, मग आभाळच. पलीकडच्या टेकड्या दिसल्या तेव्हा सूनही दारात थांबून बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या पाहिल्या नव्हत्या.

आधी कुंपणाचा जुना खांब निघाला. मग एका सकाळी विहिरीवरच्या फरशा उघड्या पडल्या. एकही तडकली नव्हती. त्याच दुपारी कुंपणाच्या बाजूला पोकलेनची बादली वर आली ती काळी. थंडानं यंत्र बंद केलं. काम चालू असताना तो कधी खाली उतरत नसे, पण उतरला. त्यानं बायकोला हाक मारली नाही, नुसता हात वर केला. ती फावडं टाकून धावत गेली.

माती होती. इतक्या वर्षांच्या ओझ्यानं तिची पार फरशी झाली होती, पण फावडं मारल्यावर फुटली आणि आत ओलसर होती. हाताला गार लागली. सुनेनं आधी मूठभर उचलून रुमालात बांधली, आबांसाठी. मग त्याच फावड्यानं पिशवी भरली. प्रत्येक थराची एक पिशवी, आणि हातांना सवय झाली होती. दोरी आवळून ती खोलीत ठेवून आली. खोलीत कुणी नव्हतं. येताना ती गुणगुणत होती, हे तिला काकूनं सांगितल्यावर कळलं.

संध्याकाळी तिनं रुमाल आबांच्या तळहातावर सोडला. आबांनी ढेकूळ चुरलं, बोटांत फिरवलं, नाकाशी नेलं.

"मातीचा वास नाही."

"नाही?"

"ओल्या नाण्यासारखा येतोय." त्यांनी पुन्हा हुंगलं. "उन्हात पडली की येईल. एक पाऊस पडला की येईल. जमीन झोपलीय." मग मुलाकडे वळून म्हणाले, "आधी नांगरायची नाही. नुसती उघडी पडू दे. पहिल्या वर्षी काही मागायचं नाही तिच्याकडं."

"बरं," थंडा म्हणाला. तो हसत होता. राखेनं भरलेल्या तोंडात दात पांढरे दिसत होते. सुनेला त्याचं हे तोंड फार आवडलं आणि तिनं ते न लपवता बघून घेतलं. माती तिनं वाटीत काढली आणि वाटी खाटेच्या उशाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी चष्मेवालीनं तिला खोलीत बोलावलं. कालची पिशवी टेबलावर उघडी होती.

"ताई, ही कुठून भरली?"

"ती राख नाही. आमच्या शेतातली माती आहे. सवयीनं भरली गेली. टाकून द्या."

"टाकून कशी देऊ?" चष्मेवालीनं पिस्तूल टेकवलं, घोडा दाबला. ते बोललं. तिनं पिशवी हलवून पुन्हा लावलं. पुन्हा बोललं. "राखेपेक्षा हिच्यात जास्त आहे. पावसाचं पाणी इतकी वर्षं राखेतून झिरपत खाली गेलं ना, त्याच्याबरोबर हेही खाली उतरलं. चिकण माती आहे तुमची. तिनं सगळं धरून ठेवलं. आणि हिच्यातून काढायलाही सोपं."

"माती धरून ठेवतेच," सून म्हणाली.

"हो ना."

"मग आता?"

चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला. ती वाईट बाई नव्हती. "तुम्ही आणली नसती तरी आम्ही घेतलीच असती ताई, तळाची तपासणी असतेच," ती म्हणाली. "तुमच्यामुळं काही झालेलं नाही." सुनेनं मान हलवली आणि ती बाहेर आली. काकूनं बातमी आधीच ऐकली होती. हात दाखवून अवलक्षण, असं ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

थंडा जेवणाच्या सुट्टीत मुकादमाकडे गेला. कचेरी म्हणजे एक लोखंडी पेटारा होता, आत पंखा. मुकादम जेवत होता.

"पाय पुसून ये."

थंडा बाहेर गेला, पोत्यावर पाय पुसले, पुन्हा आत आला. खुर्ची रिकामी होती, पण मुकादमानं बस म्हटलं नाही.

"माती नेणार म्हणतात."

"नेणार. माल आहे तिथवर उचलायचं. साहेब तुमच्या दारात बसून बोलले होते. तुझ्या बापानं बरोबर म्हटलं. मी होतो तिथं."

"आम्हाला वाटलं, राख."

"आम्हालाही तसंच वाटलं होतं. आता निघाला माल मातीत, त्याला कोण काय करणार? आणि जागा कुठं जातेय? कुंपण तेच, कोपरे तेच. परत मिळणारच आहे." मुकादमानं घास गिळला. "तुझ्या बापानं मागितलं काय? विहीर. माती मागितली असती तर साहेबांनी तेव्हाच सांगितलं असतं हो की नाही. विहिरीला कुणी बोट लावणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

माती वेगळी मागावी लागते हे कुणाला ठाऊक होतं, असं थंडाच्या मनात आलं.

"तुला चालवायचं नसेल तर तसं सांग," मुकादम जरा मऊ आवाजात म्हणाला. "मी समजू शकतो. उद्या दुसरा ड्रायव्हर बोलावतो. फक्त एक लक्षात घे, त्याच्या लेखी ती विहीर म्हणजे वाटेतलं दगडाचं कडं. बादली लागली तर लागली. मग मला बोलू नकोस."

भोंगा झाला. थंडा पोकलेनवर जाऊन बसला. दांडा पुढे, दांडा मागे.

घरी त्या रात्री चुलीपाशी नवराबायको हळू आवाजात बोलत होती. खाट दाराबाहेरच होती.

"सोडा ते काम."

"सोडलं तर विहीर जाईल."

"अहो, सगळी माती चाललीय आणि तुम्ही विहीर धरून बसलाय!"

"आबांनी विहीर सांगितलीय."

"विहीर कशाला सांगितली? पाणी पाजायला. काय पाजणार आता, दगडांना?"

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. तिला त्याचा राग आला, मुकादमाचा आला, चष्मेवालीचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा आला, पण राग येऊन करायचं काहीच नव्हतं. थोड्या वेळानं तो आपोआप खाली बसला, राख बसते तसा.

"आबांना तुम्ही सांगा," ती म्हणाली.

"तू सांग."

ती आबांचं ताट घेऊन बाहेर गेली. सांगायचंच असं ठरवून गेली होती. आबा उशाशी ठेवलेल्या वाटीत बोट घालून बसले होते.

"वास यायला लागलाय," ते म्हणाले. "बघ."

तिनं वाटी नाकाशी धरली. कसलाही वास येत नव्हता.

"येतोय," ती म्हणाली, आणि ताट ठेवून आत आली.

त्यानंतर सांगणं राहिलं ते राहिलंच. खाटेवरून खड्डा दिसत नव्हता, फक्त टेकाड नाही एवढं दिसत होतं. यंत्र अजून कशाला चाललंय, असं आबा विचारायचे. सपाट करताहेत, असं थंडा सांगायचा. ते खोटंही नव्हतं. आबा पुढे झुकायची कसरत नेमानं करायचे आणि सून मागून सदरा धरायची. पूर्वी ती धरायची तेव्हा तिला हसू यायचं. आता काही येत नव्हतं.

माती खोल होती. थर उतरत गेले, पिशव्या जात राहिल्या, पिस्तूल बोलत राहिलं. डंपर काळे होऊन बाहेर पडायचे. सून आपल्याच शेताच्या पिशव्या भरून नेत होती, पण पिशवी ती पिशवी, तेवढीच जड. एकदा फावड्याखाली जुना, गंजलेला विळा आला. दांडा कुजून गेला होता. तिनं तो आबांना नेऊन द्यायचा विचार केला, मग कुठं सापडला म्हणून सांगायचं ते सुचेना, तेव्हा कुंपणाच्या कडेला टाकून दिला.

विहिरीभोवतीचं काम थंडानं शेवटी ठेवलं. दुसऱ्या कुणाला त्या बाजूला फिरकू दिलं नाही. दातेरी बादली काढून त्यानं सपाट पात्याची लावली. विहिरीच्या बांधकामाला वीतभर माती राखून तो भोवतीनं कापत खाली उतरला, लोण्यात सुरी घालावी तसा. आधी एका बाजूनं, मग समोरच्या बाजूनं, मग पुन्हा पहिल्या, म्हणजे एकीकडचाच भार सुटून बांधकाम कलंडणार नाही. खालच्या भागात यंत्र नेलंच नाही. तिथं त्यानं स्वतः फावडं मारलं. सून घमेली उचलत होती, काकूसुद्धा नळी टाकून मदतीला आली आणि अख्ख्या दुपारी एकही विनोद न करता राबली. त्याच्या पाठीवर घामाचे ओघळ राखेतून वाट काढत होते. बाकीचे ड्रायव्हर काठावर उभे राहून बघत होते. मुकादम आला, त्यानंही बघितलं.

"हात आहे बाबा तुझा," तो म्हणाला, आणि ते अगदी मनापासून होतं.

क्षणभर थंडाला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं हे त्याच्या लक्षात आलं आणि तो फावडं घेऊन विहिरीच्या पलीकडच्या बाजूला गेला.

मुरूम लागला तेव्हा पिस्तूल गप्प झालं. माल संपला. पोकलेन दुसऱ्या टेकाडाकडे गेलं. आता सांगणं टळण्यासारखं नव्हतं, कारण ताबा घ्यायला मालकानं जागेवर यायला हवं, असा मुकादमाचा निरोप आला.

थंडानं हातगाडी आणली, तिच्यावर खुर्ची दोरीनं बांधली आणि आबांना उचलून बसवलं. आबांचं वजन पिशवीपेक्षा थोडंच जास्त होतं. त्यांनी धुतलेला सदरा मागून घेतला होता. मातीची वाटीही मांडीवर घेतली होती, परत टाकायला.

"आबा," सून वाटेत म्हणाली, "तिथं ना, जरा वेगळं दिसेल."

"वेगळं दिसणारच. इतक्या वर्षांनी बघतोय."

डंपरनं केलेल्या उतारावरून गाडी खाली निघाली. थंडानं पुढून रेटा धरला, सुनेनं मागून ओढून धरली. दोन्ही बाजूंनी कापलेल्या कडा वर यायला लागल्या. आबा त्यांच्याकडे बघत होते.

"आपण उतरतोय कुठं?"

"शेतात," थंडा म्हणाला.

मग उतार संपला. समोर चारी बाजूंना पिवळट मुरूम होता, झाडून काढल्यासारखा, आणि त्याच्या मधोमध विहीर उभी होती. दोन माणसं एकावर एक उभी केली तर हात पोचेल एवढी उंच. कारखान्याच्या धुराड्यासारखी सरळ. तिच्या डोक्यावर आबांनी टाकलेल्या फरशा जशाच्या तशा होत्या आणि सांध्यातला चुना उन्हात पांढरा दिसत होता.

आबांनी मान वर केली. त्यांना ते जमत नव्हतं, रोजची सवय खाली वाकायची होती. सुनेनं मागून त्यांचं डोकं हातांत धरून आधार दिला.

मुकादम सावली शोधत होता, पण तिथं सावली फक्त विहिरीची होती. तो तिच्यात येऊन उभा राहिला. "आबा, माल संपला. आजपासून जमीन तुमची. आणि विहीर बघून घ्या. साहेबांचा शब्द होता. एक दगड हललेला नाही."

सुनेला वाटलं, आता आबा ओरडतील, शिव्या देतील, वाटी फेकून मारतील. तिला तसं व्हायला हवं होतं. त्यांनी ओरडावं म्हणून ती वाट बघत उभी राहिली.

"जवळ घे," आबा म्हणाले.

थंडानं गाडी विहिरीला टेकेपर्यंत नेली. राखून ठेवलेली वीतभर माती उन्हानं सुकून जागोजाग गळून पडली होती आणि दगडांच्या पाठी उघड्या झाल्या होत्या. ओबडधोबड, कुठं टेंगूळ आलेल्या, कुठं खोक पडलेल्या. आबांनी हात लांब करून एका दगडाला लावला. बोटं फिरवत दुसऱ्यावर नेली. बराच वेळ ते तसे चाचपत होते.

"धक्का नाही लागला," ते म्हणाले.

"नाही."

"तूच केलंस हे?"

"हो आबा."

"हात चांगला आहे तुझा."

थंडा वळून कड्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मुकादमानं घड्याळात पाहिलं, मग पाहिलंच नाही असं दाखवलं.

आबा अजून दगडांकडेच बघत होते. त्यांच्या तोंडावर शरमल्यासारखं काहीतरी आलं. त्यांनी मुकादमाकडे बघितलं, काठावर जमलेल्या ड्रायव्हरांकडे बघितलं आणि सुनेला हळूच म्हणाले, "आतून बघ, एकेक दगड आरशासारखा घडवलाय. भाऊ म्हणत होता, मागूनही घडवू या. मीच म्हटलं, कशाला? मागं माती आहे. कुणाला दिसणार आहे?"

आबांनी मांडीवरची वाटी तिच्या हातात दिली, दुसराही हात मोकळा करून घेतला, आणि दोन्ही तळव्यांनी झाकेल तेवढी विहिरीची पाठ झाकून ते बसून राहिले.